हक्कसोड

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्याने जाताना पनवेल मागे पडले आणि खोपोलीचा घाट अजून यायचा असला, म्हणजे मधे आमचे चौक लागते. कर्जतकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. गावात पाहुणा आला आणि त्याच्या हाती चहाचा कप गेला, की त्याला एक गोष्ट ऐकावीच लागते : हे सरनौबत नेताजी पालकरांचे गाव. सांगणारा शेतकरी असो की दुकानदार, हे वाक्य उच्चारताना त्याची मान थोडी ताठ होतेच.

मी या गावात मास्तरकी करतो. वर्गात इतिहास शिकवतो आणि शाळा सुटण्याआधीच्या तासाला मुलांची कबड्डी पाहतो. हे दोन विषय एकमेकांपासून फार लांबचे, असे मला पूर्वी वाटे. अलीकडे तसे वाटत नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न फिरून पुढे येतो : आपला गडी बाजूला केव्हा बसवायचा, त्याला परत केव्हा बोलवायचे, आणि आपण सोडलेला गडी दुसऱ्याने उचलला तर काय? या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या खेळांनी आपापल्या परीने दिली आहेत. या दिवाळीत वाचकांपुढे ती मांडावीत असा बेत आहे.

पण आधी नेताजींची गोष्ट पुरी करू. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरचा छापा फसला. नेताजी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना दूर केले आणि सरनौबती कुडतोजी गुजरांना दिली; प्रतापराव म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे. इथपर्यंतचा भाग मुलांना पाठ असतो. त्यापुढचा सावकाश वाचण्याजोगा आहे. सोडलेला सेनापती फार दिवस मोकळा राहिला नाही. आधी विजापूरकरांनी त्यांना जवळ केले, आणि पाठोपाठ मिर्झाराजे जयसिंगाने पाच हजारी मनसब देऊन मोगलांकडे ओढले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करून दिल्लीस नेले, १६६७ मध्ये त्यांना मुसलमान करून महंमद कुलीखान हे नाव दिले आणि दूर काबूलच्या बाजूला रवाना केले. पुढे १६७६ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, ते महाराजांकडे परत आले, आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून पुन्हा पदरी घेतले.

राजकारणातला हा प्रसंग आणि मैदानावरचा खेळ यांची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तिथे माणसाचे आयुष्य पणाला लागले होते, इथे फार तर एका हंगामाचा सवाल असतो. तरी एवढे लक्षात ठेवू, की आपण ज्याला सोडतो त्याच्यावरचा आपला हक्क त्या क्षणी संपतो, आणि शेजारी टपलेला असतो.

आता आपल्या हुतूतूकडे येऊ. आज आपण सगळे कबड्डी म्हणतो. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर हुतूतू हाच शब्द त्यांच्या तोंडी येईल. बंगाल्यात याच खेळाला हाडुडू म्हणत, तामिळ मुलखात चेडुगुडु. नावे जशी निराळी, तसे नियमही गावोगाव निराळे होते. आणि सर्वांत मोठा मतभेद होता तो बाद झालेल्या गड्याचे काय करायचे, या एकाच गोष्टीवर.

त्याचे तीन प्रकार होते. पहिला गामिनी. यात गडी एकदा बाद झाला की आपला सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत तो बाहेरच. वेळेचे बंधन नाही. ठरलेली पाच किंवा सात लोणे होईतो खेळ चालायचा. दुसरा अमर. यात कोणी बाहेर जातच नाही. बाद झाला की समोरच्याला गुण मिळायचा आणि गडी जागच्या जागी खेळत राहायचा. तिसरा संजीवनी. यात आपला गडी बाद झाला असेल आणि आपण समोरचा एक गडी मारला, तर आपला एक उठून आत येतो. नाव ठेवणाऱ्याला शुक्राचार्य आणि कच आठवले असणार हे उघड आहे. या तिघांत बरे कोणते, यावर त्या काळच्या आखाड्यांत आणि व्यायामशाळांत पुष्कळ वाद झाले असतील. गामिनीत कठोरपणा होता, पण चांगला गडी पहिल्याच चढाईत पडला तर तो तासभर धूळ झटकत बसणार. अमरमध्ये सगळे खेळत, पण पडण्याची भीतीच उरत नसे. आणि भीती नसली की पकडीला धार येत नाही.

१९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून स्पर्धांसाठी नियम बांधले गेले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांना करून दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. बुवा साळवींसारख्या माणसांनी यासाठी आयुष्ये वेचली. या सगळ्या प्रवासात पुष्कळ नियम बदलले, नऊ गड्यांचे सात झाले. पण संजीवनी टिकली. आज आपण पाहतो तो खेळ तिच्यावरच उभा आहे.

तिची शिस्त नीट पाहण्यासारखी आहे. बाद झालेले गडी बाहेर ओळीने बसतात आणि ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. कर्णधाराचा लाडका तिसरा बाद झाला असेल, तर आधीचे दोघे आत गेल्याशिवाय त्याला उठता येत नाही. बोनसचा गुण मिळाला तर फळ्यावर आकडा वाढतो, पण त्याने कोणी जिवंत होत नाही; त्यासाठी समोरचा गडीच पडावा लागतो. म्हणजे बाहेर बसलेल्याला आत आणण्याचा अधिकार पंचाकडे नाही, कर्णधाराकडे नाही, तो आत झुंजणाऱ्या सोबत्याच्या हातापायांत आहे.

मैदानात शिरण्याचे दुसरे एक दार आहे, ते राखिवाचे. संघाच्या यादीत बारा नावे; सात आत, पाच बाहेर. विश्रांतीच्या वेळी किंवा वेळ मागून घेतल्यावर आतला एक काढून राखीव गडी घालता येतो. मात्र बाद झालेल्याच्या जागी राखीव चालत नाही. पंचांनी ज्याला सामन्यातून काढून टाकले त्याच्या जागीही चालत नाही; संघाला तेवढ्या कमी माणसांनी खेळावे लागते. मेलेल्याच्या जागी ताजा माणूस उभा करून हिशेब चुकवायचा नाही, असा यातला अर्थ. पहिल्या दाराला सोबत्याचा पराक्रम लागतो, तर दुसऱ्याला वरच्याची मर्जी.

या दुसऱ्या दाराशी सर्वांत अधिक काळ ताटकळतो तो पकडीचा गडी. चढाईचा गडी एकटा जातो आणि एकटा येतो. त्याला आत घातले की पहिल्या चढाईत तो काय चीज आहे ते कळते. कोपऱ्यातला रक्षक तसा नसतो. त्याचा हात शेजारच्या मध्यरक्षकाच्या हातात गुंफलेला असतो. चढाईवाला आत येतो तशी साखळी मागे सरते, तो वळतो तशी ती मिटते. कोपरा घोट्यावर कधी झेपावणार हे शेजाऱ्याला न बोलता उमगावे लागते. त्यासाठी एकत्र घाम गाळावा लागतो. म्हणून शहाणा मार्गदर्शक कोपरा सहसा बदलत नाही, आणि राखीव रक्षक सामन्यांमागून सामने फळीवर बसून राहतो. त्याची उणीव भासते ती कोपऱ्यातल्या गड्याचा गुडघा दुखावला म्हणजे. मग सगळे मागे वळून त्याच्याकडे पाहतात, आणि सहा आठवडे न खेळलेल्या त्या पोराने आल्याबरोबर घोटा धरावा अशी अपेक्षा करतात.

ऐनवेळी माणूस बोलावण्याची आपल्याकडची सर्वांत गाजलेली हकीकत हॉकीतली आहे, आणि तीही त्याच १९३६ सालच्या बर्लिनची. ध्यानचंदांचा संघ जूनच्या अखेरीस मुंबई बंदरातून ‘रणपुरा’ जहाजाने निघाला. बर्लिनला पोचल्यावर १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला, त्यात आपण एकास चार गोलांनी हरलो. सगळ्यांची झोप उडाली. हिंदुस्थानात तार गेली : दाराला पाठवा. अली दारा विमानाने निघाला आणि उपांत्य सामन्याच्या आधी येऊन पोचला. त्या काळी विमानाने खेळाडू धाडणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. १२ ऑगस्टला फ्रान्सवर दहा गोल झाले, १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनीवर आठ. त्या अकरा जणांत मधल्या फळीत मुंबईचा बाबू निमल होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आणि बारा वर्षांनी, फाळणीनंतर, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या हॉकी संघाचा कर्णधार कोण होता? हाच दारा. देशांची वाटणी झाली तेव्हा खेळाडूंचीही झाली.

तारेने एक माणूस बोलावणे हा अपवादाचा प्रसंग. वर्षानुवर्षे, आठवड्याआठवड्याला माणसे वर बोलवायची आणि खाली पाठवायची असतील तर काय? याचे सर्वांत रेखीव उत्तर सापडते ते आपल्या कोकणात कोणी पाहिलाही नसेल अशा खेळात, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत. कॅनडातल्या माँट्रियल येथे १९१७ च्या नोव्हेंबरात नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. आज तिच्यात बत्तीस संघ आहेत, आणि प्रत्येकाचा एक धाकटा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतो. ही धाकटी लीगही १९३६ चीच. थोरल्या संघात तेवीस गडी, त्यांत सामन्याला सहा रक्षक, दोन-दोनांच्या तीन जोड्या. एखाद-दुसरा बाहेर बसलेला. दोघे जखमी झाले की धाकट्या संघात निरोप जातो आणि एखादा विशी-बाविशीचा पोरगा पिशवी उचलून रातोरात निघतो.

वर बोलावण्याला फारशी अडचण नाही. अडचण आहे ती खाली पाठवण्याला. नवख्या गड्याला काही काळ हवे तसे वरखाली करता येते. विसाव्या वर्षी करार केलेला असेल तर तीन वर्षे किंवा १६० सामने, यांतले जे आधी पुरे होईल ते. ती मुदत संपली की त्याला खाली पाठवण्यापूर्वी मालकाला त्याच्यावरचा हक्क सोडावा लागतो. याला ते वेव्हर म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : हक्कसोड.

हा शब्द आमच्या कर्जत-खालापूरकडे कोणाला समजावून द्यावा लागत नाही. जमिनींचे भाव चढले तसा हक्कसोडपत्र हा कागद घरोघर पोचला आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर बहिणीपुढे हा कागद हळूच सरकवणारे भाऊही आपण पाहिलेले आहेत. त्या कागदात आणि बर्फावरच्या हक्कसोडीत एक फरक आहे. बहिणीने सोडलेला हक्क भावाकडे जातो. मालकाने सोडलेला गडी मात्र चोवीस तास बाकीच्या साऱ्या संघांपुढे उभा राहतो. ज्याला हवा त्याने मागावा. दोघा-तिघांनी मागितला तर ज्याचे स्थान तक्त्यात सर्वांत खाली, त्याचा मान पहिला. कोणीच मागितला नाही, तरच तो धाकट्या संघात जातो. ज्याने उचलला त्यालाही लबाडी करता येत नाही. हा गडी आपल्या धाकट्या संघात टाकायचा तर त्यालाही पुन्हा हक्क सोडावा लागतो. खाली गेलेल्याला पुढे परत बोलावले आणि तो दहा सामने खेळला किंवा तीस दिवस वर राहिला, तर त्याला खाली पाठवताना सगळी उठाठेव नव्याने करायची. सहापेक्षा कमी रक्षक धडधाकट उरले, तर तो तातडीचा प्रसंग म्हणून निराळी सवलत आहे.

नियम किचकट वाटतो, पण त्याच्या पोटात दोन साध्या गोष्टी आहेत. श्रीमंत संघाने चार चांगले रक्षक नुसते अडकवून ठेवून दुसऱ्याला उपाशी मारू नये, ही एक. आणि ज्याला इथे जागा नाही त्याला दुसरीकडे जागा असेल तर ती मिळावी, ही दुसरी. अर्थात यात माणसाला बाजारातल्या वस्तूसारखे चोवीस तास मांडून ठेवले जाते, कोणीच हात पुढे केला नाही तर त्या गड्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तरी अडकून कुजण्यापेक्षा हे बरे, असेच मला वाटते.

आपल्या प्रो कबड्डीत, २०१४ पासून, हेच काम लिलाव करतो. संघ काही गडी राखतो, काही सोडतो. सोडलेल्यांवर बोली लागते. इथे दुबळ्याला पहिला मान नाही, पण खर्चाला मर्यादा आहे. इराणचा महंमदरेझा शादलुई हा डाव्या कोपऱ्याचा जबरदस्त रक्षक २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर पलटणने त्याला सोडले. एका संघाला खर्चायला पाच कोटी. त्यांतले निम्मे एकाच गड्यावर घालावेत का, हा विचार त्यामागे असेल तर तो अगदीच चूक म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला कोणी घेतले? ज्यांना त्याने हरवले होते त्या हरियाणानेच, २ कोटी ७ लाखांना. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे नमवून अजिंक्यपद पटकावले, तेही पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर! पुढच्या वर्षी हरियाणानेही त्याला सोडले आणि गुजरातने २ कोटी २३ लाखांना उचलले. हे वाचताना आमच्या गावच्या माणसाला मिर्झाराजा आठवला, तर त्याला हसू नये.

आता घराजवळचे सांगतो. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे वेड केवढे आहे हे सांगायला नको; भाताची कापणी झाली की गावोगाव दिव्यांच्या उजेडात सामने सुरू होतात. माझा एक विद्यार्थी, सतरा वर्षांचा, उजव्या कोपऱ्याला उत्तम. एका नावाजलेल्या मंडळाने त्याचे नाव आपल्या यादीत घातले. घरच्यांना आनंद झाला, पोराला मंडळाची बंडी मिळाली. मग पूर्ण हंगाम तो फळीवर बसला. त्या मंडळाचे दोन्ही कोपरे पक्के होते. त्याला खेळवायचे नव्हतेच, तो शेजारच्या गावाकडून आपल्यासमोर उभा राहू नये एवढेच हवे होते. एके दिवशी तो मला म्हणाला, “गुरुजी, खेळवत नाहीत त्याचं वाईट नाही वाटत. पण माझं नाव तरी काढायला सांगा ना. पलीकडच्या गावाला कोपरा नाही, ते घेतील मला.” मी जाऊन बोललो. पदाधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “मास्तर, पोरगा आमचाच आहे, घाई काय?” घाई अशी होती, की त्या पोराचे सतरावे वर्ष एकदाच येणार होते. पुढच्या वर्षी तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला आणि त्याचा खेळ सुटला.

आपल्या हुतूतूने बाद गड्याचा एवढा विचार केला, की त्याला कोणत्या क्रमाने उठवायचे हेही लिहून ठेवले. राखीव गड्याचा तितका विचार गावपातळीवर आपण केलेला नाही. बाद झालेल्याला निदान सोबत्याची आशा असते. फळीवर बसलेल्याला कोणाची? मला वाटते, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या स्पर्धांत तीन साध्या गोष्टी करता येतील. यादीतला अठरा वर्षांखालचा गडी सलग तीन स्पर्धांत एकदाही मैदानात उतरला नाही, तर त्याला मोकळे होण्याचा हक्क असावा. मोकळे झालेल्यांची नावे जाहीर व्हावीत. आणि ज्या मंडळाला सर्वांत कमी यश मिळाले, त्याला त्यांच्यापैकी कोणालाही पहिल्यांदा विचारता यावे. अर्थात त्या पोराची आणि त्याच्या आईबापांची संमती घेऊन. याला पैसा लागत नाही. एक वही लागते आणि ती प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस लागतो.

नेताजींना परत घेताना महाराजांपुढे कसलाही लिखित नियम नव्हता. दहा वर्षे परमुलखात राहिलेला, नाव आणि धर्म बदललेला माणूस दाराशी आला, आणि त्यांनी दार उघडले. तेवढे मोठे मन सगळ्यांपाशी नसते; मंडळाच्या कचेरीत तर ते क्वचितच असते. म्हणून नियम लागतात. मोठ्या मनाच्या माणसाने जे आपणहून केले असते, ते साध्या माणसाकडून करून घ्यावे, यासाठीच ते असतात. येत्या हंगामासाठी याद्या दिवाळीनंतर लिहिल्या जातील. ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी बारावे नाव लिहिताना क्षणभर थांबावे, आणि या पोराला आपण खेळवणार आहोत की नुसते धरून ठेवणार आहोत, एवढे स्वतःला विचारावे.